इन्शुरन्स कंपनीच्या डॉक्टरकडे मिस्टरांची तपासणी आहे, काय तयारी करावी?

विटेकरीण

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबणार आहे, आधीच सॉरी म्हणून ठेवते.

माझ्या मिस्टरांचा चौदा महिन्यांपूर्वी विटा कराड रोडवर अपघात झाला, हे मोटरसायकलवर आणि समोरून पिकअप राँग साईडने. उजव्या मांडीच्या हाडात रॉड आहे आणि गुडघ्याखाली प्लेट, दोन ऑपरेशनं झाली. वय ३८. वायरमन आहेत, घरांचं वायरिंग आणि शेतातल्या मोटारींची कनेक्शनं, म्हणजे दिवसभर शिडी आणि उकिडवं बसणं. आता गुडघा जेमतेम काटकोनात वाकतो, त्यापुढे नाही. मांडी घालता येत नाही, पंगतीला बसता येत नाही, संडासाला प्लास्टिकची भोक पाडलेली खुर्ची ठेवलीय. चालताना तोल एका बाजूला जातो म्हणून आता कंबर पण धरते.

क्लेम सहा महिन्यांच्या आत लावला होता सांगलीला. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी ३२ टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट दिलंय. त्यावर कंपनीच्या वकिलांनी कोर्टात अर्ज दिला की आमच्या पॅनलवरच्या हाडांच्या डॉक्टरकडून तपासून घ्यायचंय, कोर्टाने मंजूर केला, आणि आता येत्या गुरुवारी ११ वाजता सांगलीत बोलावलंय. आमचे वकील म्हणतात जाऊन या, काही नसतं. काही नसतं तर मग बोलावलं कशाला?

दीर म्हणतात जास्त लंगड म्हणावं दादाला. माझी काळजी नेमकी उलटी आहे. ह्यांना कुणीही कसं काय विचारलं की तोंडातून एकच येतं, "बरंय की!" हॉस्पिटलात राऊंडला मोठे डॉक्टर यायचे तेव्हा पण हे "एकदम ओके सर", आणि तेच केसपेपरवर लिहिलं गेलं, पेशंटला काही तक्रार नाही. कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं हो. मी मागे बेंचवर बसले होते, आदल्या रात्री हे कण्हत होते ते मलाच माहीत.

तर काय न्यायचं, काय बोलायचं, मी आत जाऊ शकते का, आणि नाही गेलो तर काय होईल?

टेम्पोवाला_इचलकरंजी

ताई मी यातून गेलोय, तीन वर्षं झाली. माझा खांदा होता. माझं काय झालं ते सांगतो म्हणजे तुम्ही ती चूक करू नका.

मला वाटलं आत नेऊन खांदा बघतील, वर करा खाली करा म्हणतील. तसं झालंच पण ते शेवटची पाच मिनिटं. त्याआधी डॉक्टर इतका गोड बोलला की काय सांगू, चहा मागवला, गाव कुठलं, पोरं काय करतात, आणि मग सहज विचारतोय तसं, आलात कसे इतक्या लांब? मी म्हटलं गाडीवरून आलो साहेब. आता गाडी माझा मेव्हणा चालवत होता, मी मागे बसलेलो, एक हात त्याच्या खांद्यावर आणि दुसरा गळ्यात. पण मी ते बोललोच नाही, कशाला बोलेल कोण. रिपोर्टमध्ये आलं, अर्जदार स्वतः दुचाकी चालवतो. झालं. ते खोडून काढायला माझ्या वकिलाला आणि मेव्हण्याला दोन तारखा घालवाव्या लागल्या.

दुसरं, मी लेकीच्या शाळेचं दप्तर उचलतो का असं विचारलं. उचलतो म्हटलं. डाव्या हाताने उचलतो, उजव्याने नाही, हे कोण सांगणार? मीच सांगायला पाहिजे होतं.

म्हणून तपासणी खुर्चीत बसल्यावर सुरू होते असं समजू नका. पार्किंगमध्ये उतरल्यापासून चालू आहे असं धरा. आणि उत्तर अर्धं देऊ नका, वाक्य पूर्ण करा. "एसटीने आलो, दीड तासात दोनदा उठून उभा राहिलो" हे पूर्ण वाक्य. "एसटीने आलो" म्हणजे फिट माणूस.

नाव_नको_गाव_नको

एवढं कशाला टेन्शन घेताय, सगळेच करतात, काठी घेऊन जायची, जरा हाय हुय करायची, गुडघा वाकवला की ओरडायचं. कंपनीवाले काय साव आहेत का? ते पण कमीच लिहिणार, आपण जास्त सांगायचं, मधे कुठेतरी जुळतं.

फिजिओ_मिरज

वरच्या सल्ल्यावर अजिबात जाऊ नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज असे गुडघे हातात असतात, आणि नाटक ओळखायला अर्धं मिनिट पण लागत नाही. भाजी मंडईतला घासाघिशीचा प्रकार नाहीये हा.

बघा काय असतं. आधी म्हणतील स्वतः वाकवा, कोन मोजायचं एक प्लास्टिकचं साधन असतं, दोन पट्ट्यांचं, कंपासपेटीतल्या कोनमापकाचा मोठा भाऊ, त्याने मोजतात. मग डॉक्टर स्वतः हाताने वाकवून बघतात. सांधा खरंच अडकला असेल तर हाताला एक ठाम अडथळा लागतो, आणि माणूस मुद्दाम ताठ करत असेल तर स्नायू लढतात, मधेच सुटतात परत धरतात, ते हाताला कळतं. मग टेपने दोन्ही मांड्यांचा घेर मोजतात, गुडघ्याच्या वाटीपासून ठराविक अंतरावर खूण करून. वर्षभर पाय खरंच कमी वापरला असेल तर मांडी बारीक झालेली असतेच, दोन सेंटिमीटर तीन सेंटिमीटर, आणि हे कुणाला नाटक करून आणता येत नाही की लपवता येत नाही. तुमच्या मिस्टरांचा खरा साक्षीदार तोच टेप आहे. घरी मोजून बघा एकदा.

मग पायाची लांबी, कमरेच्या पुढच्या हाडापासून घोट्याच्या आतल्या टोकापर्यंत. मांडीत रॉड आहे म्हणजे हे मोजायलाच हवं, डॉक्टर विसरले तर "सर पाय आखूड झालाय का बघता का" असं विचारायला हरकत नाही. सरकारी मोजमापात पहिला अर्धा इंच धरत नाहीत, त्यापुढच्या दर अर्ध्या इंचाला ४ टक्के धरतात.

कंबरेचं म्हणालात म्हणून सांगते. वॅडेल नावाच्या स्कॉटिश सर्जनने १९८० मध्ये काही खुणा सांगितल्या होत्या. म्हणजे डोक्यावर हलका दाब दिला तर कंबर दुखते का, खांदे आणि कंबर एकत्र फिरवली तरी दुखते का, झोपवून सरळ पाय उचलला की ओरडतो पण बसवून बोलता बोलता तोच पाय सरळ केला की काहीच नाही, असं. शरीराच्या रचनेत बसत नाही तिथे दुखणं दाखवलं की खूण लागते. या खुणा म्हणजे माणूस खोटं बोलतोय याचा पुरावा असं तो स्वतःही म्हणत नव्हता, पण रिपोर्टात तसा वापर होतो हे खरं. म्हणजे ज्याचं ३२ टक्के खरं आहे त्याने ५० दाखवायला जावं आणि ३२ वरही पाणी पडावं, असा तो प्रकार.

काठीचं म्हणाल तर रोज वापरत असतील तरच न्या. रोज वापरलेल्या काठीचं खालचं रबर एका बाजूने झिजलेलं असतं, नवी कोरी काठी दुरून कळते. चपलेचं पण तेच, रोजचीच घाला, उजव्या डाव्या तळव्यातला फरक दिसू दे.

जीन्स घालून पाठवू नका. ढगळ बर्म्युडा किंवा लेंगा. टाईट पँट वर जात नाही मग घाईत वरवर बघितलं जातं.

विटेकरीण

आत्ता मोजलं. डावी मांडी ४८, उजवी ४५. हे म्हणतात टेप चुकीचा असेल. असा माणूस आहे.

गोळीचं काय करायचं? सकाळी एक दुखण्याची गोळी घेतात. त्या दिवशी द्यायची की नाही? दीर म्हणतात देऊ नको, दुखलं तर बरंच.

फिजिओ_मिरज

रोज घेतात तशीच द्या आणि डॉक्टरांना सांगा, सकाळी ७ ला ही गोळी घेतलीय, रोज घेतो, न घेता जमत नाही. गोळी बंद करून त्रास वाढवायचा नाही, डबल घेऊन लपवायचा पण नाही. आणि दीरांना माझा नमस्कार सांगा.

दहापैकी किती दुखतं असं विचारतील. दहा म्हणू नका, दहा म्हणजे हाड मोडलं त्या क्षणाचं. नुसता आकडा देण्यापेक्षा बसल्यावर एवढं, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर एवढं, रात्री एवढं असं सांगा.

कोर्टातला_काळा_कोट

मी मोटार अपघाताच्याच केसेस करतो, बहुतेक वेळा अर्जदाराकडून, आधी काही वर्षं कंपनीकडूनही उभा राहायचो. तुमच्या वकिलांच्या कामात नाक खुपसत नाही, पण काही गोष्टी तुम्हाला माहीत हव्यात.

नाही गेलो तर काय? तपासणी कोर्टाच्या हुकमाने आहे. नाही गेलात तर कोर्ट उलटा अर्थ काढू शकतं, की लपवण्यासारखं काहीतरी आहे. खरंच अडचण असेल तर तुमच्या वकिलामार्फत आधी लेखी कळवून तारीख बदलून घ्या, पण दांडी नको. (कामावर असताना अपघात झाला आणि मालकाविरुद्ध कामगार भरपाई कायद्याखाली दावा असेल तर हे अजून कडक आहे, तिथे १९२३ च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये लिहिलं होतं, २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतलीय, की मालकाने फुकट तपासणी देऊ केली आणि कामगाराने नकार दिला तर नकार चालू असेपर्यंत भरपाईचा हक्क थांबतो. तुमचं तसं नाही, पण वाचणाऱ्यांत कुणाचं असेल म्हणून सांगितलं.)

आता टक्क्यांचं. तुमच्या सर्टिफिकेटवर ३२ टक्के कशाचे लिहिलेत ते नीट बघा. पायाचे की पूर्ण शरीराचे? पैजेवर सांगतो पायाचे असतील. सुप्रीम कोर्टाचा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल आहे, २०१० चा, या विषयातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा. त्यात पायाचं अपंगत्व ४५ टक्के होतं पण पूर्ण शरीराच्या हिशोबात ते २५ टक्केच धरलं. आणि तिसरा आकडा वेगळाच असतो, कमाई किती टक्के गेली. कोर्टाने उदाहरण दिलंय, डावा हात तुटला तर शारीरिक अपंगत्व समजा ६० टक्के, पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाई जवळपास १०० टक्के गेली, आणि सरकारी कारकून असेल तर नोकरी जाईलच असं नाही. पैसे ठरतात ते या तिसऱ्या आकड्यावर.

हिशोबच करून दाखवतो. महिना १८,००० धरा, वर्षाचे २,१६,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवले की ३,०२,४००. कमाईतला तोटा २० टक्के धरला तर वर्षाला ६०,४८०. वय ३८ म्हणजे वयावरून ठरलेला गुणक १५, झाले ९,०७,२००. तोच तोटा कोर्टाने १० टक्के धरला तर ४,५३,६००. म्हणजे एका आकड्यामागे साडेचार लाख. कंपनी डॉक्टरची फी भरून तपासणी का मागते ते आता कळलं असेल.

म्हणून कंपनीच्या डॉक्टरसमोर "गुडघा दुखतो" एवढंच बोलून उपयोग नाही. दुखतो हे एक्सरेत दिसत नाही. वायरमनच्या कामातलं काय काय बंद झालं ते सांगायचं, आणि रिपोर्टमध्ये ते नाही आलं तर आमचं काम सोपं होतं, की साहेब तुम्ही कामाबद्दल विचारलंत का, पेशंटने सांगितलं तरी लिहिलं नाहीत का.

रिपोर्टला घाबरून जाऊ नका. तो आला म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. कंपनीला तो वापरायचा असेल तर डॉक्टरला साक्षीला आणावं लागतं आणि आम्हाला उलटतपासणी करता येते. तुमच्याही डॉक्टरांना साक्षीला आणायला लागेल, नुसतं सर्टिफिकेट जोडून भागत नाही, हे आत्ताच वकिलांना विचारा. दोन डॉक्टरांचे आकडे फारच लांब पडले तर सिव्हिलच्या मेडिकल बोर्डाकडे पाठवा अशी मागणी करता येते. आणि आकडे वेगळे आले म्हणून लगेच कुणी विकला गेला असं नसतं हो, टक्के काढायला कुणी मॅकब्राइडचं पुस्तक वापरतो, कुणी केसलरचं, कुणी भारत सरकारची राजपत्रातली पद्धत, गुडघा एकच पण हिशोब तीन.

तुम्ही आत जाऊ शकता का? विचारा. नवरा आहे, त्याला आधार लागतो, बहुतेक डॉक्टर हो म्हणतात. नाही म्हणाले तर वाद घालू नका. आत गेलात तर मधे बोलू नका, तुम्ही त्यांच्या वतीने उत्तर दिलंत की तेही रिपोर्टात येतं. बाहेर आल्यावर लगेच वहीत लिहून ठेवा, किती वाजता आत गेले, किती वाजता बाहेर आले, काय काय मोजलं, काय विचारलं. चोरून मोबाईल रेकॉर्डिंग वगैरे उद्योग नकोत.

पूर्वी_कंपनीकडे

मी दुसऱ्या बाजूचा. इन्शुरन्स कंपन्यांसाठी बरीच वर्षं इन्व्हेस्टिगेशन केलं, आता सोडलं. शिव्या नंतर घाला, आधी ऐका.

डॉक्टरकडे तुमची फाईल आधीच गेलेली असते. त्यात पहिल्या दवाखान्याचा केसपेपर असतो, ज्यावर अपघात कसा झाला ते तुम्ही किंवा तुम्हाला आणणाऱ्याने सांगितलेलं लिहिलेलं असतं. घाईत कुणीतरी "गाडी घसरली" सांगितलेलं असतं आणि दाव्यात पिकअपने उडवलं असतं. तुमच्या केसपेपरवर काय आहे ते गुरुवारच्या आत वाचा. नुसत्या तपासणीसाठी नाही, एकूणच.

जुनं दुखणं लपवू नका. मिस्टरांना पूर्वी त्याच पायाला लागलं असेल, शुगर असेल, कॉलेजात कबड्डी खेळताना गुडघा गेला असेल, विचारलं की सांगून टाका. सांगितलेलं जुनं दुखणं फारसं काही बिघडवत नाही. लपवलेलं सापडलं की मग खरं बोललेलं पण कोणी धरत नाही.

आणि फेसबुक. आम्ही पहिलं तिथेच जायचो. एका केसमध्ये माणूस खरोखर जायबंदी होता, मी स्वतः बघितलेला, पण भाच्याच्या लग्नात वरातीत दोन मिनिटं हात वर करून उभा होता, कुणीतरी रील टाकलं. त्या दोन मिनिटांनंतर तो चार दिवस झोपून होता ते रीलमध्ये येत नाही ना. जुनं डिलीट करत बसू नका, ते अजून वाईट दिसतं. नवीन काही टाकायच्या आधी विचार करा, आणि असा फोटो असेलच तर विचारल्यावर सरळ सांगा की हो उभा राहिलो होतो, नंतर असं असं झालं.

शेजाऱ्यापाजाऱ्यांना पण आम्ही विचारायचो. तुमच्याकडे येतात का कामाला? मोटारीचं कनेक्शन कोण करतं हल्ली? मिस्टर अधूनमधून छोटी कामं करत असतील तर "काहीच करत नाही" असं अजिबात म्हणू नका.

विटेकरीण

करतात ना. घरात चूल बंद ठेवायची का? खुर्चीत बसून बोर्ड जोडायची कामं करतात, टेबलावर ठेवून, पंखे दुरुस्ती वगैरे. शिडीचं आणि विहिरीवरचं काम हाताखालचा पोरगा करतो, त्याला रोज ५०० द्यावे लागतात, आधी हे एकटेच जायचे. हे सांगितलं तर कमाई चालू आहे असं नाही का होणार?

कोर्टातला_काळा_कोट

ताई, हेच तर सांगायचं! टेबलावरचं काम करतो, शिडीचं करू शकत नाही, त्यासाठी पोरगा ठेवावा लागतो, त्याला ५०० रोज. यापेक्षा चांगलं उत्तर मी लिहून दिलं नसतं. त्या पोराला दिलेल्या पैशाची वहीत नोंद ठेवता का? नसेल तर आजपासून ठेवा. मागच्या तारखा टाकून एका शाईत एका बैठकीत लिहू नका, ते जजला लगेच कळतं.

जर्सीकर

न्यू जर्सीहून. इथे माझ्या वेअरहाऊसच्या अपघातात दोनदा असं जावं लागलं. इथे त्याला आयएमई म्हणतात, इंडिपेंडंट मेडिकल एक्झाम, नावातच विनोद आहे कारण पैसे विमा कंपनीच देते. माझ्या वकिलाने मला एक गोष्ट शंभरदा सांगितली होती, हा डॉक्टर तुझा डॉक्टर नाही. तो औषध देणार नाही, सल्ला देणार नाही, त्याचा रिपोर्ट कंपनीकडे जाणार. आपल्या लोकांचं काय होतं, डॉक्टर दिसला की आपण पेशंट होतो, नम्र होतो, "नाही नाही आता खूप बरं वाटतं तुमच्या कृपेने." मी बारा मिनिटांत बाहेर आलो आणि त्यातल्या पाच मिनिटांत मी त्याची तारीफ करत होतो बहुतेक.

ताईंचे मिस्टर आणि मी एकाच शाळेतले.

विटेकरीण

हो ना, तेच तर. ह्यांना आज समजावून सांगितलं तर म्हणे "रडगाणं गायला जमत नाही मला." मी म्हटलं रडगाणं नका गाऊ, हिशोब सांगा. मोटारीच्या जळालेल्या वायंडिंगबद्दल गिऱ्हाईकाला सांगता ना, किती वळसे गेले, कुठे शॉर्ट आहे, तसं सांगा पायाचं. ते जरा पटलं असं वाटतंय. मग पोरीने शाळेच्या वहीचा कागद फाडला आणि आम्ही तिघांनी बसून लिहिलं. ते सांगत गेले, ती लिहीत गेली. वाचा आणि काय चुकलं सांगा.

सलग उभं राहणं वीस मिनिटं, मग डाव्या पायावर भार. शिडीच्या दोन पायऱ्या चढता येतात, तिसरीला गुडघा वाकत नाही म्हणून डावा पाय आधी टाकून उजवा ओढावा लागतो, आणि वर एका हाताने पकडून दुसऱ्याने काम करताना पाय थरथरतो. उकिडवं बसता येत नाही, विहिरीच्या स्टार्टरचा बॉक्स खाली असतो तिथे पालथं पडून करायला लागतं. गाडीची किक बसत नाही, सेल्फवर चालते, पण पाऊण तासाच्या वर नाही. रात्री कूस बदलताना जाग येते, दोनतीनदा. संडासाची खुर्ची. जोतिबाला दरवर्षी चालत जायचे ते दोन वर्षं बंद.

फिजिओ_मिरज

वा. काही चुकलं नाही. हा कागद खिशात ठेवा पण त्यांच्यासमोर वाचून दाखवू नका, पाठ केल्यासारखं वाटतं. बाहेर बाकावर बसून एकदा नजर टाकायची. आणि गाडी पाऊण तास चालवतात हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत, जे जमतं ते सांगणाऱ्या माणसाचं जे जमत नाही ते पण खरं वाटतं.

टेम्पोवाला_इचलकरंजी

कागदपत्रं राहिली. डिस्चार्ज कार्ड दोन्ही ऑपरेशनांची, एक्सरे पहिला आणि आत्ताचा दोन्ही, फिजिओची हजेरी, औषधांच्या चिठ्ठ्या, आधार कार्ड, कोर्टाचं पत्र. सगळ्याच्या झेरॉक्स द्यायच्या, ओरिजिनल फक्त दाखवायची आणि हातातच ठेवायची. एक्सरेची फिल्म पण बघून झाली की मागून घ्या. माझी एक फिल्म तिथेच राहिली ती आजतागायत नाही मिळाली. कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि इंग्रजीत काही सही करायला दिलं तर काय लिहिलंय ते आधी विचारा.

आणि वेळेआधी अर्धा तास पोचा. धावत पळत जिना चढून घामाघूम आत गेलात की तोही रिपोर्ट.

विटेकरीण

जाऊन आलो. थोडक्यात सांगते, दमलेय.

अकराची वेळ होती, पावणेएकला आत घेतलं. मला आत येऊ दिलं, कोपऱ्यात स्टुलावर. डॉक्टर वयस्कर होते, बरे वाटले, चहाबिहा काही नाही. पहिलाच प्रश्न, काय म्हणताय, कसं आहे? आणि आमच्या साहेबांनी मान हलवून म्हटलंच, "बरंय की." मी स्टुलाची कड धरली. मग थांबले जरा आणि म्हणाले, "म्हणजे बसलोय तोवर बरंय. शिडीवर नाही."

डॉक्टरांनी विचारलं कसली शिडी. तिथून जे सुरू झाले ते वायंडिंग, स्टार्टर, पालथं पडून काम, हाताखालचा पोरगा, सगळं. डॉक्टरांच्या शेतातली मोटार पण सारखी जळते म्हणे, त्यावर दोन मिनिटं गेली. मग टेपने मांड्या मोजल्या, कोन मोजला, ९५ म्हणाले. पायाची लांबी त्यांनी मोजली नव्हती, ह्यांनीच विचारलं (मी नाही!), मग मोजली, काहीतरी दीडच्या आसपास सेंटिमीटर म्हणाले. झोपवून पाय उचलला, बसवून पण उचलला, मला फिजिओ ताईंची आठवण झाली. चालायला लावलं कॉरिडॉरमध्ये जाऊन येऊन. पंचवीस मिनिटं लागली, १२:४५ ते १:१०, बाहेर आल्या आल्या लिहून ठेवलं.

टक्के किती ते काही बोलले नाहीत, रिपोर्ट कंपनीला पाठवतो म्हणाले. पुढची तारीख महिन्याने आहे. सगळ्यांचे मनापासून आभार, दीरांनी पण हा धागा वाचला, काही बोलले नाहीत.

टेम्पोवाला_इचलकरंजी

भारी काम झालं. एक्सरे परत घेतला ना?

विटेकरीण

अरे देवा.

पिशवीत बघितलं, पहिला आहे, आत्ताचा नाही. तो त्यांच्या त्या लाईटच्या डब्यावर लावलेला होता, तसाच राहिला. उद्या सकाळच्या एसटीने जाते.